एका गोळीत मरायला आतुर झालेले पाच जण

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका तळघरात सात कॉम्प्युटरचं सायबर कॅफे होतं. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत तीन-चार वर्षं मी त्याच्या काउंटरवर बसत होते. सकाळी निकाल बघणारे आणि अर्ज भरणारे यायचे. दुपारी कॉलेज बुडवून पाच जणांची टोळी यायची आणि तळघराचं रणांगण व्हायचं.

त्या पाचांबद्दल माझ्या मनात तेव्हा माया नव्हती, आजही नाही. त्यांचा म्होरक्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. मिलिटरीच्या रंगाची, दहा खिशांची पँट घालायचा आणि त्या दहा खिशांत मिळून एक कंगवा आणि एक मोबाइल असायचा. स्टॉपपासून तळघरापर्यंत चालत आला तरी त्याला धाप लागायची. पण लढाईवर बोलायला लागला की साक्षात सेनापती.

त्या वर्षी दिवाळीत एक नवा गेम येणार होता. त्याची माहिती कुठल्याशा वेबसाइटवर यायची. म्होरक्या ती माझ्याकडून छापून घ्यायचा आणि भिंतीला चिकटवायचा.

“ताई, हा गेम न्हाय. खरी लढाई हाय ही,” तो मला सांगायचा, जणू मी ती हुकवली तर जन्म फुकट जाणार होता. त्यात म्हणे एका गोळीत माणूस मरणार होता. पाठीवर जास्त ओझं घेतलं तर सैनिकाला दम लागणार होता. वाऱ्यानं गोळी सरकणार होती. स्वतःच्या घरात गॅसची टाकी उचलायला गडी बोलावणारी ही पोरं तासन् तास त्या ओझ्यावर वाद घालायची.

मग त्याची दीड मिनिटाची चित्रफीत आली. ती उतरवून घ्यायला दोन दिवस लागले, कारण मधेच लोडशेडिंग व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उतरली तेव्हा पाचही जण एका खुर्चीभोवती गोळा झाले आणि दिवसभर तेच ते बघत बसले. पुढं कळलं की गेम दिवाळीत येणार नाही, लांबणीवर पडलाय. आठवडाभर त्यांनी सुतक असल्यासारखी तोंडं केली होती.

या मूर्खपणात माझाही वाटा होता. एकदा बोलता बोलता मी सांगून बसले की माझा मोठा भाऊ मिलिटरीत आहे. त्या दिवसापासून माझी किंमत वाढली. तोवर मी म्हणजे मशीन अडकलं की बंद-चालू करून देणारी बाई. आता म्होरक्या काउंटरला टेकून विचारायला लागला, “ताई, तुमचे भाऊ एका जागी किती वेळ पडून असत्यात?”

“तीन-तीन दिवस. बर्फात,” मी ठोकून दिलं.

दादा स्वयंपाकी होता. लडाखच्या बाजूला एका तुकडीच्या लंगरात. ते मी सांगितलं नाही. उलट रोज काहीतरी नवं रचत गेले; दादाला लपून एका गोळीत टिपणारा स्नायपरही करून टाकलं. आणि त्यांनी ऐकलं की मला बरं वाटायचं, याची मला म्होरक्याच्या त्या पँटपेक्षा जास्त किळस येते.

उन्हाळ्यात दादा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आमच्या गावी, कोडोलीला आला. कॅफेकडं येऊ नकोस, असं मी त्याला दोनदा बजावलं होतं. पण एका दुपारी आईनं दिलेला डबा घेऊन तो सरळ पायऱ्या उतरून आत आला. “हितं बसतीस व्हय तू? वारं न्हाय, उजेड न्हाय,” तो म्हणाला. माझ्या तोंडून ‘दादा’ निघालं आणि पाचही जण खेळ थांबवून चक्क उभे राहिले.

“सर, तुम्ही स्नायपर हाय न्हवं?” म्होरक्यानं विचारलं.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी माउसची वायर गुंडाळायला लागले.

“मी लंगरात असतोय,” दादा म्हणाला. “स्वयंपाकी हाय. दीडशे माणसांचं करतोय.”

“आणि फायरिंग?”

“वर्षातनं एकदा. बाकीचा येळ डाळीत जातोय. तितं वर डाळ लवकर शिजत न्हाय.”

म्होरक्याचं तोंड असं झालं, जणू त्याच्या पुढ्यात कुणीतरी गार चहा ठेवलाय. तरी मोठेपणा म्हणून त्यानं दादाला खुर्ची दिली आणि ती चित्रफीत दाखवली. दादानं ती मन लावून बघितली. पुढं वाकून, चष्मा सारखा करून.

“ही जेवत्यात कवा?” त्यानं विचारलं.

“जेवण नसतंय त्यात.”

“आन पाणी?”

“पाणी पण न्हाय.”

“मग खरं काय हाय ह्यात?”

“गोळी, सर. एका गोळीत मरतंय माणूस.”

दादानं चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, “गेल्या साली आमच्यातला एक परत आला न्हाय. गोळी न्हवती. दरड आली गाडीवर. दोन दिवस मी त्येचं ताट काढून ठेवत हुतो. हात तितकीच ताटं मोजायचा.”

मग म्होरक्या म्हणाला, “ह्यात दरड न्हाय दाखवलेली, सर.”

हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरले नाही. तो मुद्दाम टोचून बोलला असंही नाही. त्याला काही वाटलंच नव्हतं. तो गेमची बाजू मांडत होता.

पाच जण लवकरच उठले. जाताना म्होरक्या काउंटरपाशी थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “आचारी हाय म्हणून आधी सांगायचं की, ताई.” ‘आचारी’ हा शब्द त्यानं चिमटीत धरून टाकल्यासारखा उच्चारला. त्याच्या तोंडावर चार शब्द मारायला हवे होते. मी गप्प बसले. कारण तो शब्द मीच महिनोन् महिने लपवला होता.

दादानं डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी. रागवेल असं वाटलं होतं, पण त्यानं एवढंच विचारलं, “मी तितं काय वंगाळ करतोय व्हय गं?”

“न्हाय.”

“मग सांगायचं की.”

आम्ही दोघं काउंटरमागं बसून जेवलो. भाजीत मीठ कमी आहे, असं तो दोनदा म्हणाला.

गेम पुढच्या हिवाळ्यात आला. आमच्या जुनाट मशीनवर तो चालेना. सैनिक एक पाय उचलायचा आणि तो खाली टेकेपर्यंत आपला चहा पिऊन व्हायचा. म्होरक्यानं ग्राफिक्स कार्डला शिव्या घातल्या, मालकाला घातल्या, अख्ख्या कोल्हापूरला घातल्या. मग बाकीच्या चौघांपैकी एकानं कसंबसं त्या सैनिकाला टेकाडापर्यंत नेलं आणि तिथं तो पहिल्याच गोळीत मेला. “ह्यात काय मजा न्हाय राव,” तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी पाचही जण पुन्हा त्यांच्या जुन्या गेमवर आले, जिथं मेलेला माणूस लगेच उठून पळतो.

भिंतीवरचे कागद मीच काढले. महिन्याभरात म्होरक्या हसतमुखानं पुन्हा काउंटरपाशी आला. आणखी एक गेम येणार होता, याहून खरा. त्याला चार पानं छापून हवी होती.

“प्रिंटर बंद हाय,” मी म्हणाले.

“लाइट तर लागलीय की.”

“लागू दे. तुझ्यासाठी बंद हाय.”

तो खांदे उडवून बाकीच्यांना घेऊन पायऱ्या चढून गेला. ते पुन्हा आले नाहीत. त्या दुपारी तळघरात इतकी शांतता होती की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मी कागद-पेन घेतलं आणि दादाला पत्र लिहायला बसले. पहिलंच विचारलं, तितं वर डाळ शिजायला किती येळ लागतोय.