टेंपररी मामा

इंग्रजीतल्या एकाच शब्दावर अख्खी तरुणाई काढणारा माणूस आमच्या धाकट्या मामाशिवाय उभ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा निघायचा नाही. महाराष्ट्र नवा होता, मोताळ्याच्या कचेरीतली मामाची कारकुनीही नवी होती, आणि हेडक्लार्कनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुम्ही टेंपररी आहात." मामानं ते इतकं मनाला लावून घेतलं, की भाड्याच्या खोलीत साधा खिळा ठोकला नाही, सदरा खिडकीच्या गजाला लटकायचा. मामा जवळजवळ माझ्याच वयाचा, म्हणून मी छेडलं, तर म्हणाला, "टेंपररी मानसानं दुसऱ्याच्या भितीले भोक काऊन पाडावं बे?" गंमत म्हणजे कचेरीबाहेर हाच शब्द त्याचा लाडका. एसटी चिखलात रुतली, साहेब खवळले, की हा हसत म्हणणार, "टेंपररी हाय, जाऊ दे." हेडक्लार्कच्या तोंडून जो शब्द ऐकून त्याचा चेहरा उतरायचा, तोच डॉक्टरनं दाढदुखीबद्दल काढला की गडी तिथंच निम्मा बरा व्हायचा.

मामाला लग्नाची भारी हौस. पण मुलगी पाहायला गेला, की पोहे यायच्या आतच सांगून टाकायचा, "मी टेंपररी हाय." मास्तर-कारकुनांच्या घरात मंडळी रोग सांगितल्यासारखी मागं सरकायची. पोहे आतच राहायचे, मुलगीही. जळगाव जामोदहून आम्ही उपाशी परतलो तेव्हा मध्यस्थांनी हात जोडले, "आता तरी गप बसा." मामा म्हणाला, "फसवून आनलेल्या बायकोले तोंड कसं दाखवू?" त्या दिवशी तो घरीही जेवला नाही. मला पहिल्यांदाच त्याची काळजी वाटली.

मग देऊळघाटचं स्थळ आलं. घर भाजीपाला पिकवणारं. मामानं बसल्या बसल्या आपला शब्द टाकला. मुलीच्या वडलांनी विचारलं, "म्हंजे काय?"

"म्हंजे नोकरी कवाही जाईन."

"मंग काय झालं? आमची मेथी बी तशीच. निघाली का दुसरं लावतो." आणि आत तोंड करून ओरडले, "आयकलं काय पोरी? याह्यची नोकरी गेली तं?"

आतून आवाज आला, "तं वावरात येतीन. खुरपं हाय ना घरात!"

पोहे आले. एरवी तोंडाला कुलूप नसलेला मामा बशीकडे बघत बसला. डोळे भरले होते. त्याचेही पोहे मीच खाल्ले.

पुढं मामा पर्मनंट झाला, पेढे वाटले गेले. पण त्या दिवसासारखा त्याचा चेहरा पुन्हा पाहिला नाही. आता मामा नाही, मामीही नाही. मला चांगली कायमची नोकरी होती, पहिल्याच घरी होकार मिळाला, संसारही नीट झाला. तरी एसटी देऊळघाटवरून जाते तेव्हा वाटतं, नोकरी गेली तर काय, हे माझ्या वेळी कुणी विचारलंच नाही.