तोंडी ग्रीक

दौलतराव ग्रीक शिकायचे ते कडुलिंबाला फेऱ्या घालून. एका फेरीत एक क्रियापद. ‘लुओ, लुएइस, लुएइ’, मी सोडतो, तू सोडतोस, तो सोडतो, असं पाढ्यांच्या चालीवर खड्या आवाजात चालायचं. नगरच्या आमच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत पाळक व्हायचं तर नवा करार मूळ ग्रीकमधून वाचता आला पाहिजे, असा शाळेच्या गोऱ्या मिशनरी साहेबांचा दंडक होता. नापास झालेला जन्मभर खेड्यातला उपदेशक. त्याला बाप्तिस्मा देता येत नसे, लग्न लावता येत नसे. मिरजगावाकडच्या या चाळिशीतल्या माणसाला पाळकच व्हायचं होतं.

साहेबांची पद्धत वेगळी. लढाईमुळे कागद मिळेना, म्हणून जुन्या पुठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या कापायच्या, एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि मनात वाचायच्या. मीही तिथलाच विद्यार्थी, एका शाळामास्तरांचा मुलगा. चिठ्ठ्या घेऊन बसलेला मी फार अभ्यासू दिसत असे, डोक्यात मात्र काही राहत नसे. दौलतरावांच्या चिठ्ठ्यांचा खिशातल्या घामाने लगदा झाला. ते म्हणायचे, “डोळ्यानं शिकलेलं डोळं मिटलं की जातं. तोंडानं शिकलेलं झोपंतबी ऱ्हातं.” मला जे काही ग्रीक आलं ते खिडकीशी बसून, त्यांच्या फेऱ्या ऐकून. वर त्यांच्या नकला करून मी सगळ्यांना हसवायचो. इतका मी कृतघ्न होतो.

परीक्षा लेखी होती. पुटपुटल्याशिवाय दौलतरावांचा हात चालत नसे. मी त्यांच्या मागेच बसलो होतो. दोन प्रश्न मला येत नव्हते. त्यांचं पुटपुटणं कानावर येईल तसं मी लिहीत गेलो. साहेबांनाही ते ऐकू गेलं. हे कोणाला तरी उत्तरं सांगताहेत असं वाटून त्यांनी दौलतरावांचा कागद काढून घेतला. ते असेच शिकतात, असेच लिहितात, एवढं मी बोललो असतो तरी पुरलं असतं. पण मग साहेबांनी माझा कागद तपासला असता. मी मान खाली घालून बसलो. दौलतरावांना पुन्हा परीक्षेला बसू दिलं नाही.

मी पाळक झालो. दोन वर्षांनी, दौलतरावांनी शिकवून तयार केलेल्या माणसांना बाप्तिस्मा द्यायला मलाच मिरजगावाला धाडलं. उपासनेच्या आधी मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले. “तुजा टाक माज्या तोंडाबरूबर चालत हुता. मी थांबलो की त्योबी थांबायचा.”

मग साहेबांना सांगितलं का नाही, असं मी विचारलं. सांगून दोघंही गेलो असतो, म्हणाले. मी माफी मागू लागलो, तसा त्यांनी हात वर केला.

“नगं. माफ केलं म्हनावं लागंल, अन् उपदेशकानं खोटं बोलू न्हाई.”

आत माणसं खोळंबली होती. मी झगा चढवला. दौलतराव पाण्याचं भांडं घेऊन माझ्या मागून आले.