आपांची आठ दिवसांची शिकवणी

लोहाऱ्याच्या शाळेत मी मास्तरीण होते. तिसावं लागलं त्या वर्षी उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं. ते महिन्याभरानं निवळलं, तोवर पाय बधिर झाले. फळ्याकडं जाताना तोल जायचा. सोलापूरला एका दवाखान्यात बरेच दिवस तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. "मज्जातंतूंचा आजार आहे, औषध माझ्याकडं नाही," ते म्हणाले. "पण याच्यासोबत राहायला शिकता येतं. शिकवणारं माणूस दाखवतो."

दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेशेजारी पन्नाशीच्या एक बाई येऊन बसल्या. तेरच्या एका शिंप्याची बायको. सात वर्षं हाच आजार. त्या तपासणीला आल्या होत्या; डॉक्टरांनी आग्रह केला म्हणून माझ्यासाठी आठ दिवस थांबल्या. सगळे त्यांना आपा म्हणत.

"मास्तरीणबाई, चालून दाखव."

मी चार पावलं टाकली आणि भिंत धरली. आपा हसल्या. "आमच्याकडं लोक म्हणायचे, शिंप्याची बायको शराब पिती. म्या घरोघर जाऊन सांगितलं, पाय बीमार हायत, पायजे तर तोंड हुंगून बघा!"

कित्येक महिन्यांनी मी खळखळून हसले.

मग शिकवणी सुरू झाली. दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसायचं. जड कामं सकाळी गारव्यात उरकायची. उन्हानं पाय आणखी लुळे पडतात, म्हणून ओला पंचा मानेवर ठेवायचा. आंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं बघायचं. त्यांचं पाऊल एकदा भाजलं होतं आणि त्यांना कळलंही नव्हतं. तो व्रण त्यांनी मला दाखवला.

"आपा, तुम्हाला राग येत नाही?" मी विचारलं.

"येतो की. लई येतो. त्या दिवशी कुणाशी बोलत न्हाय. दुसऱ्या दिवशी भाकरी बसून थापते."

निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. "तेरला ये. नदीकाठापर्यंत आपुन दोघी चालू."

मी शाळेत परतले. फळा खाली उतरवून घेतला, खुर्चीवरून शिकवू लागले. मुलांना आजार सांगून टाकला. पुढं दोनदा पाय पार गेले, महिना-महिना अंथरुणात काढला, परत उभी राहिले. दर वेळी वाटायचं, हे आपांना सांगायला हवं. दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. आपांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात उस्मानाबादला बस बदलून मी तेरला गेले. शिंप्याच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "लेकाकडं गेली दोघं हैदराबादला, साल झालं. पत्ता न्हाय बगा आमच्याजवळ."

"चालत होत्या का?"

"काठी घेऊन. मोटारीपातुर चालतच गेली."

परतीच्या बसला दोन तास होते. नदीची वाट शेजारणीनं हातानं दाखवली. मी मधे मधे बसत काठापर्यंत गेले. पलीकडं कुणीतरी धुणं आपटत होतं. आपा इथं कुठं बसल्या असत्या, मला काय काय विचारलं असतं, ते मनात येत राहिलं. हैदराबाद एवढं मोठं शहर, तिथं एका शिंप्याच्या लेकाचं घर कुठं शोधायचं? तरी पुढं हैदराबादचं कुणी भेटलं की मी विचारतच राहिले.