चादरीतली वाळू

माझी आई बत्तीस वर्षं एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरी झटकत होती. कुणी "चादरी धुते" म्हटलं की तिला राग यायचा. "धुतं ते मशीन," ती म्हणायची, "मी झटकते." आणि खरंच, आमच्या बेटावर झटकणं हेच मोठं काम. बेट म्हणजे किनाऱ्यापासून जरा सुटून पडलेला वाळूचा लांबच लांब पट्टा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून एक रस्ता आणि पलीकडे शहरात जायला एक पूल. इथे येणारे चार दिवस सुट्टी घालवून जातात आणि जाताना अर्धा किनारा अंथरुणात सोडून जातात. ती वाळू मशीनमध्ये गेली की मशीन बसलंच. म्हणून प्रत्येक खोलीच्या चादरींचं वेगळं गाठोडं मागच्या अंगणात यायचं, त्यावर खोलीचा नंबर लिहिलेला असायचा, आणि आई आणि तिची जोडीदारीण समोरासमोर उभ्या राहून ते झटकायच्या.

वर्षानुवर्षं झटकता झटकता आईला वाळू कळायला लागली. दीपगृहाखालची वाळू तांबूस आणि जाड. शिंपल्यांच्या किनाऱ्यावरची टोचरी, ती चादरीला बारीक भोकं पाडते. खाडीकडचा काळा गाळ वाळल्यावरही वास सोडत नाही. आणि बेटाच्या उत्तर टोकाची वाळू बारीक, मिठासारखी पांढरी, विणीत शिरून बसणारी. "बारा नंबरवाले काल टोकाला जाऊन आले," ती जोडीदारणीला सांगायची, "आणि नवरा-बायको वेगवेगळे फिरले. त्याच्या बाजूला टोकाची वाळू आहे, तिच्या बाजूला नुसतं बागेतलं गवत." दोघी हसून हसून वाकायच्या.

आता माझे बाबा. ते याच पाहुण्यांना बेट दाखवायचे. बारा सीटची उघडी गाडी, पुढे माईक आणि बाजूला पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं 'सात ठिकाणं'. दीपगृह, जुन्या फुटक्या जहाजाचा सांगाडा, पक्ष्यांची दलदल, शिंपल्यांचा किनारा, वाळूच्या टेकड्या, मासेमारीचा धक्का आणि शेवटी टोक. बेटावर सगळे त्यांना सातवाले म्हणायचे. बाबांचं बोलणं पाठ असायचं आणि ते सकाळी दाढी करताना आरशासमोर त्याची उजळणी करायचे. आई स्वयंपाकघरातून चुका काढायची. "अहो, कालपर्यंत दीपगृहाला एकशे बारा पायऱ्या होत्या. आज एकशे वीस?"

"वर चढून दमलेल्या माणसाला एकशे वीस ऐकून बरं वाटतं," बाबा म्हणायचे.

टोकावरचं बोलणं मात्र ते कधी बदलत नसत. तिथे बेट इतकं अरुंद व्हायचं की समुद्र आणि खाडी यांच्यात चार पावलांची पांढरी वाळू उरायची. बाबा सगळ्यांना चपला काढायला लावायचे. "उजवा पाय समुद्रात, डावा पाय खाडीत. एक पाणी गार लागेल, एक कोमट. आता तुम्ही दोन्ही पाण्यांचे मालक झालात. फक्त संध्याकाळी परत करून जा." लोक खिदळायचे. हे वाक्य मी शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ केलं.

आणि आईने टोक कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. पण शेवटचे चार किलोमीटर पक्ष्यांच्या घरट्यांमुळे बंद होते, तिथे फक्त कंपनीच्या गाडीला परवानगी होती. गाडीचा नियम असा की सुटायच्या घंटेपर्यंत एखादी सीट रिकामी राहिली तरच घरच्यांनी बसायचं, आणि आठपेक्षा कमी माणसं असली तर गाडी सोडायचीच नाही. तिकीट काढून जायचं तर आईचा आठवड्याचा पगार गेला असता. तिची सुट्टी मंगळवारी. मंगळवारी एक तर पाच-सहाच माणसं यायची नाहीतर कुठल्यातरी ऑफिसची अख्खी टोळी यायची. आणि बाबांना ज्या दिवशी सुट्टी असेल त्या दिवशी त्यांना किनाऱ्याचं नाव काढलेलं चालत नसे. "पुन्हा तेच बघू? जातंय कुठे ते टोक?" ते अंगावर पांघरूण ओढून म्हणायचे. आई हसायची. तिलाही तेव्हा घाई नव्हती. वीस वर्षं अशी गेली आणि त्यात कुणालाही वाईट वाटलं नाही, हे आता आठवलं की मला वाईट वाटतं.

मी एकोणीस वर्षांची होते त्या वर्षी तिला घाई झाली.

एका संध्याकाळी ती कामावरून आली आणि चपला काढण्याआधीच बाबांना म्हणाली, "टोकाची वाळू बदललीय."

बाबा जेवत होते. "म्हणजे काय?"

"पांढऱ्या वाळूत काळं यायला लागलंय. गाळ आहे, खाडीचा. आधी एका-दोघांच्या चादरीत होता, आता टोकाला जाऊन आलेल्या सगळ्यांच्याच. खाडी तिकडून आत शिरतेय."

"दलदलीत पाय बुडवले असतील कुणी."

"दलदलीत तुम्ही लाकडी पुलावरून नेता सगळ्यांना. पाय कुठे लागतो?"

बाबांनी घास थांबवला आणि मग ते इतके मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. "रोज तिथे मी उभा राहतो आणि खाडी कुठे चाललीय ते तुला चादरी सांगतात?" मीही हसले. मला तेव्हा कॉलेजचं वारं लागलं होतं, पुलापलीकडे शिकायला जात होते, आणि आईच्या वाळूच्या ज्ञानाची मला थोडी लाजच वाटायची. आई चिडली नाही. तिने हात धुतले, वाढून घेतलं आणि पहिल्यांदाच सरळ म्हणाली, "मला टोक बघायचंय. याच महिन्यात."

"बघू की," बाबा म्हणाले.

महिन्यात चार मंगळवार होते. पहिल्या मंगळवारी सहाच माणसं आली, गाडी सुटली नाही. दुसऱ्या मंगळवारी लग्नाला आलेली पाहुणेमंडळी होती, बाराच्या जागी पंधरा जण भांडत होते. तिसऱ्या मंगळवारी ड्रायरचा पट्टा तुटला आणि मॅनेजरने तिला सुट्टीवरून बोलावून घेतलं. चौथ्या मंगळवारी आईने ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले, पाण्याची बाटली घेतली आणि घंटेच्या अर्धा तास आधीच स्टँडवर जाऊन बसली. आणि त्या दिवशी एक सीट रिकामी राहिली. बाबांच्या शेजारचीच. आई तिथे बसली, बाटली मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरली. एवढं सगळं मला बाबांनी नंतर, पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मी पोचले तेव्हा ती बसलेली होती.

मी कॉलेजातल्या मैत्रिणीला घेऊन आले होते. तिने तिकीट काढलेलं होतं. मी तिच्यापुढे फुशारकी मारली होती की आमच्याच बाबांची गाडी आहे, मी फुकट येणार. टोक मीही तोवर पाहिलं नव्हतं, पण मला टोकाचं काही पडलेलं नव्हतं. मला मिरवायचं होतं. गाडीत बघते तर एकच जागा होती आणि तिथे आई, चादरी झटकून खरखरीत झालेल्या हातांत बाटली धरून, घड्या पडलेल्या चांगल्या कपड्यांत. मी काही बोलले नाही. शपथेवर सांगते, एक शब्द बोलले नाही. फक्त तोंड पाडून पायरीशी उभी राहिले. ते तोंड आईला माझ्या लहानपणापासून ओळखीचं होतं.

ती उठली. "तू बस," म्हणाली. "मी पुढच्या मंगळवारी जाईन."

"आई, नको, राहू दे," असं मी म्हणाले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. मी चढले. बाबांनी आरशात सगळं पाहिलं होतं. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि घंटा वाजवली. आई बाटली घेऊन स्टँडवर उभी राहिली आणि तिने माझ्या मैत्रिणीला हात केला.

शुक्रवारी वादळ आलं. तीन दिवस आम्ही खिडक्यांना फळ्या ठोकून घरात बसलो. चौथ्या दिवशी कंपनीची माणसं उत्तरेला गेली आणि परत येऊन त्यांनी सांगितलं की रस्ता दलदलीच्या पुढे संपतो. खाडीने आतून आणि समुद्राने बाहेरून मिळून टोक कापून नेलं होतं. पांढरी वाळू नाही, चार पावलं नाहीत, नुसतं पाणी. ज्यांनी समजून घ्यायला हवं होतं त्यांच्यापैकी कुणालाच काही कळलं नव्हतं. कळलं होतं ते एका चादरी झटकणाऱ्या बाईला, आणि तिचं म्हणणं आम्ही दोघांनी हसण्यावारी नेलं होतं.

गाडीवरच्या 'सात'वर रंगाचा हात मारून 'सहा' लिहिलं. लोक तरीही बाबांना सातवालेच म्हणत राहिले आणि बाबांना ते नाव नकोसं झालं. आईने घरात त्यावर एक शब्द काढला नाही. टोमणा नाही, रुसवा नाही. तिने कडाकडा भांडायला हवं होतं, निदान बाबांनी तरी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. ती रोज कामावर गेली आणि चादरी झटकत राहिली. फक्त संध्याकाळी आल्यावर कोण कुठे फिरून आलं ते सांगणं तिने बंद केलं. सकाळी दाढी करताना बाबांच्या चुका काढणंही बंद केलं. दीपगृहाला बाबा दीडशे पायऱ्या म्हणाले तरी स्वयंपाकघरातून आवाज येत नसे.

बाबा निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना एक फेरी भेट दिली. अख्खी गाडी, घरच्यांना घेऊन हवं तिथे जा. मी तेव्हा पुलापलीकडे राहत होते, मुद्दाम रजा काढून आले. बाबांनी त्या दिवशी तीनदा दाढी केली असेल. आई म्हणाली, "आता कशाला?" पण आली. बाबांच्या शेजारच्या सीटवर तीच बसली, मी मागे, आणि बाकीच्या दहा सीटा रिकाम्या. एकेका जागी थांबून बाबा माईकवर सगळं बोलले, दोन माणसांसाठी, अगदी मन लावून. आई ऐकत होती. फुटक्या जहाजापाशी ती हसलीही एकदा.

दलदलीच्या पुढे रस्ता पाण्यात शिरतो तिथे एक पाटी आहे, 'पुढे रस्ता नाही'. बाबांनी गाडी बंद केली. सवयीने माईक उचलला आणि परत ठेवला.

आई उतरली. चपला काढल्या, पाण्याच्या कडेला गेली आणि वाकून चिमूटभर वाळू उचलली. ती बोटांत चोळून म्हणाली, "ही दीपगृहाकडची. वाहून आलीय."

बाबा तिच्या मागे जाऊन उभे राहिले. "तू सांगितलं होतंस," ते म्हणाले. ते वाक्य त्यांनी इतकी वर्षं घशात धरून ठेवलं होतं.

"हो," आई म्हणाली. "सांगितलं होतं."

एवढंच. काही हरकत नाही, झालं गेलं, असलं काही ती म्हणाली नाही, आणि बाबांनीही त्याची वाट पाहिली नाही. ते गाडीपाशी जाऊन टायर बघत बसले. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

मग आई माझ्याकडे वळली. "तू तरी गेली होतीस ना त्या दिवशी? कसं होतं?"

मला वाटलं होतं की ती हे कधीच विचारणार नाही. मी घाईघाईने सुरू केलं, "अगं, चारच पावलं जागा होती. इकडे समुद्र, तिकडे खाडी. उजवा पाय समुद्रात ठेवायचा आणि डावा खाडीत. एक पाणी गार लागतं, एक कोमट..."

"ते तुझ्या बाबांचं झालं," आई म्हणाली. "ते मला तोंडपाठ आहे. तू काय बघितलंस?"

मी आठवून बघितलं. जीव तोडून आठवून बघितलं. त्या दिवशीचा एक फोटो अजून माझ्याकडे आहे, मैत्रिणीने काढलेला. त्यात सगळा माझाच चेहरा आहे आणि माझ्या कानामागे बोटभर पांढरं काहीतरी. पाय मी पाण्यात घातलेच नव्हते, बूट नवे होते. येताना आणि जाताना आम्ही दोघी कॉलेजातल्या कुणाविषयी तरी बोलत होतो, कुणाविषयी तेही आता आठवत नाही.

"मी बघितलंच नाही, आई," मी म्हणाले. "मी तिकडे पाठ करून उभी होते."

आई माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांपूर्वी पायरीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे तिने असंच पाहिलं असेल, आणि तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नव्हतं. या वेळी बघितलं. मग ती चपला हातात घेऊन गाडीकडे गेली, पायरीवर बसली आणि चढण्याआधी तिने दोन्ही पाय नीट झटकले.