सभामंडपाबाहेरची अशील

फुकट सल्ला द्यायची कल्पना माझी नव्हती. लोक मला तिचं श्रेय देतात आणि इतकी वर्षं मी ते निमूट घेत आलो, म्हणून पहिल्यांदा हे सांगून टाकतो. कल्पना भोरच्या आमच्या कोर्टातल्या एका वयस्कर वकिलांची. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसं कोर्टाच्या दारात घोटाळायची, आत यायला बिचकायची, आणि कुणाकडून तरी अर्ज खरडून घेऊन तो भलत्याच कचेरीत देऊन घरी जायची. ते बघून त्यांनी आपल्या ओसरीवर सतरंजी टाकली आणि सांगितलं, बाजारच्या दिवशी इथं कुणीही यावं, गरिबाकडून फी घ्यायची नाही. आम्हा नव्या वकिलांनाही त्यांनी बोलावलं. बाकीचे "येऊ की" म्हणाले. मी खरोखर गेलो.

त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. पानशेत फुटलं त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मी पस्तिशीकडे आलो होतो, लग्न झालं नव्हतं, हातात कामं थोडी आणि वेळ फार. खानावळीत जेवायचं, नीरेच्या घाटावर अंधार पडेपर्यंत बसायचं, खोलीवर येऊन कंदील लावायचा. रविवारी तर कधी कधी दिवसभर मी एक शब्दही बोललेलो नसे, आणि सोमवारी कोर्टात पहिलं वाक्य बोलताना घसा धरलेला असे. त्या ओसरीवर मात्र माणसं माझी वाट बघत. "आमचं तेवढं बगा की सायेब," असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं. सगळ्या कामाच्या मुळाशी माझ्यापुरतं एवढंच होतं.

ओसरी पुरेनाशी झाली. कामथडीपासून, नसरापूरपासून माणसं यायला लागली. कुळाची नोंद, सातबाऱ्यावरचं नाव, सोडून दिलेल्या बायकोची पोटगी, असली कामं. वेल्ह्याकडच्या माणसाला मात्र भोर गाठायचं म्हणजे नसरापूरला एसटी बदलायची, आणि परतीची चुकली की तिथंच मुक्काम. तेव्हा ओसरीचे ते वडीलधारे वकील म्हणाले, "तुम्ही एकटे आहात, तुम्ही त्या खोऱ्यात जाऊन बसा." एकटे आहात हे त्यांनी सहज म्हटलं होतं. मी महिन्यातून दोनदा जायला लागलो.

गावाचं नाव लिहीत नाही. राजगड समोर दिसतो एवढं पुरे. एसटी थांबायची तिथं एक उंबर होता, त्याच्याखाली मी बसायचो. पहिले कित्येक दिवस माझ्याकडे आली ती फक्त बौद्ध वस्तीतली माणसं. बाकीचं गाव लांबून बघायचं. त्या वस्तीतली एक विधवा बाई, पन्नाशीची असेल, ही माझी तिथली पहिली अशील. तिच्या सासऱ्याला गावकीच्या कामापोटी नदीकडेला एक भाताचं खाचर मिळालेलं होतं. वतनं गेली तेव्हा ते नवऱ्याच्या नावावर झालं, नवरा गेल्यावर तिच्या. त्या साली पावसाच्या तोंडाला शेजारच्या खातेदारानं मधला बांध फोडला आणि तिचं खाचर आपल्यात घेऊन नांगरलं.

"बांध कुठं व्हता ते दावायला बांधच ऱ्हायला न्हाई बगा," ती म्हणाली.

"सातबारा कुणाच्या नावावर आहे, मावशी?"

"माझ्याच की. मालक गेल्यावर तलाठ्याच्या मागं लागून म्या चढवून घेतला. त्यो तलाठी मला बगून वाट बदलायचा."

मी तिला नीट समजावलं. कब्जा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दावा लावायचा. तो चौकशी करून जमीन परत ताब्यात देऊ शकतो. मुदत टळली की मामलेदार हात वर करणार, मग दिवाणी कोर्ट, आणि तिथं किती वर्षं जातील याचा नेम नाही. "पुढच्या खेपेला कागद घेऊन या, मी दावा लिहून देतो," असं मी म्हणालो. दावा पक्का होता. आज लिहिताना हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे.

पुढच्या खेपेला पाऊस कोसळत होता. मी उंबराखाली छत्री धरून उभा होतो तेवढ्यात सरपंच आले.

"काय सायेब, आमची अब्रू घालवता व्हय? लोक म्हनतील, गावानं वकिलाला आडोसा बी दिला न्हाई. चला देवळात."

मी गेलो. सभामंडप कोरडा, ऐसपैस. घोंगडी अंथरली, चहा आला, आणि उंबराखाली कधी न फिरकलेलं सगळं गाव तासाभरात भोवती बसलं. देवळात बसलेल्या वकिलाला विचारायला त्यांना संकोच नव्हता.

"सायेब, बायकू नांदाया येत न्हाई. कायदा काय म्हनतो?"

"कायद्याचं ऱ्हाऊ दे," मागनं कुणी बोललं, "ती काय म्हनती ते सांग आदी."

सगळे हसले, मीही हसलो. इतकी माणसं एकाच वेळी माझ्याभोवती कधी बसली नव्हती.

मग मला ती दिसली. देवळाच्या आवाराच्या भिंतीबाहेर इरलं डोक्यावर घेऊन बसली होती. कागद भिजू नयेत म्हणून पोटाशी धरलेले. मी हातानं आत बोलावलं. तिनं मान हलवली.

"ती न्हाई यायची," शेजारचा म्हणाला. "त्यांनी देव सोडला न्हवं का."

"देव बी सुटलो म्हनला आसंल," दुसरा म्हणाला.

पुन्हा हशा पिकला. मी या वेळीही हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो.

मी पायरीपर्यंत गेलो. पावसात ओरडून बोलावं लागत होतं. "मावशी, आत या, भिजताय."

"म्या न्हाई पायरी चढायची. पयलं हे चढू देत नव्हते, आता आमीच चढत न्हाई. तुमी भाईर या."

"येतो, एवढी माणसं उरकतो," म्हणून मी मागं फिरलो. माणसं उरकली नाहीत. एसटीचा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी धावतच निघालो, आणि तिच्या समोरून जाताना "पुढच्या खेपेला नक्की" एवढं म्हणालो.

बाहेर जाऊन तिच्या शेजारी पाच मिनिटं बसणं अवघड नव्हतं. पण मी उठून तिच्याकडे गेलो असतो तर मंडपातल्या माणसांना ते दिसलं असतं. आणि पुढं दर खेपेला दुपारी मला आपल्या घरी जेवायला नेऊ लागलेला खातेदार त्याच माणसांत बसलेला असायचा. तिचा बांध त्यानंच फोडला होता. पहिल्या वेळी त्याच्या घरी जेवलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी ठाऊक होतं. त्याची आई मला "लेकरा" म्हणायची, ताटात आग्रह करून वाढायची. खानावळीत जेवणाऱ्या माणसाला त्याचं काय वाटतं ते इथं मांडून दाखवत नाही. सबब म्हणून वाचलं जाईल. दिवाळीनंतर तिथं नव्या भाताचं जेवण झालं. भात कुठल्या खाचरातला, हे मी विचारलं नाही. ती दर खेपेला भिंतीबाहेर असायची, आणि दर खेपेला मी पुढची खेप म्हणायचो.

थंडीत एके दिवशी ती भोरला आली, कोर्टाच्या आवारात, थेट माझ्या टेबलापाशी. "आता हितं तरी बगा," म्हणाली. मी कागद उलगडले. मुदत टळून गेली होती. मी कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिलो, आणि तोंडातून निघालं ते असं की, "मावशी, तुमचा कागदच कच्चा आहे. पहिल्यापासून. दावा टिकला नसता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग ऱ्हाऊ द्या. तुमी एवढ्या लांबनं येता, तुमास्नी काय माझं वाईट करायचंय?" कागद गुंडाळून ती गेली.

त्यानंतर आमचं काम वाढतच गेलं. पुण्याहून नुकती सनद घेतलेली मुलं यायला लागली, कुणीतरी आठवड्याला जीप देऊ केली, तीन-चार गावांत बैठका सुरू झाल्या, आणि सगळ्या देवळांतच, कारण पहिली तिथं चांगली चालली होती. माझा सत्कार झाला. बौद्ध वस्त्यांतून कुणीही येईनासं झालं होतं. एकदा वडीलधाऱ्यांनी विचारलं, "खोऱ्यातली ती मंडळी दिसत नाहीत हो अलीकडे?" मी म्हणालो, "त्यांचे प्रश्न मिटले असतील." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचा कागद हातात घेतला. त्याच वर्षी ते गेले. त्यांच्यापाशी बोलायचं राहिलं. दुसऱ्या कुणापाशी बोलावं असं माणूस मला नव्हतं.

आणखी काही वर्षांनी, लावणीच्या दिवसांत, गावाच्या अलीकडे एसटी चिखलात रुतली. उतारू खाली उतरले. रस्त्याच्या खालच्या अंगाला बायका ओळीनं भात लावत होत्या, आणि त्यांच्यात ती होती. खाचर तेच, तिचं. ती त्यात दुसऱ्याच्या मजुरीवर वाकलेली. मी उतरून बांधावर जाऊन उभा राहिलो.

"मावशी, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

ती वाकलेलीच होती. "मोठ्यानं बोला. ऐकू येत न्हाई."

"तुमचा कागद पक्का होता. मुदत माझ्यामुळं गेली. मी बाहेर आलो नाही म्हणून."

आता ओळ थांबली. एका बाईनं विचारलं, "ह्यो त्योच का गं, देवळात बसतो त्यो?"

"त्योच," ती म्हणाली. हातातली रोपं तिनं चिखलात टेकवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. "आता काय करता यील?"

"दिवाणी दावा लावता येतो अजून. वर्षं लागतील. मी चालवतो, फी..."

"तुमी नगं. दुसरा वकील बगून द्या. आन आता जे मला बोललात, ते त्येला बी सांगा."

मी सांगितलं. पुण्याहून येणाऱ्या मुलांपैकी एक हुशार होता, त्याला माझ्या खोलीवर बसवून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. दावा त्यानं घेतला. मी बैठक देवळातून शाळेच्या पडवीत हलवावी म्हणालो. सरपंच म्हणाले, "शाळेत कोन येतंय, सायेब?" खरंच फार कुणी आलं नाही. देवळातली बैठक दुसऱ्या वकिलानं चालू ठेवली. पडवीत मी महिन्यातून दोनदा बसतो. कधी वस्तीतली दोन-तीन माणसं येतात, कधी कुणीच येत नाही, आणि मी एसटीची वेळ होईपर्यंत पोरांचे पाढे ऐकत राहतो. त्या घरचं जेवण अर्थातच बंद झालं. कोर्टात माझ्या टेबलाशी बोलायला फारसं कुणी थांबत नाही.

दाव्याचा निकाल अजून नाही. तारखेला ती येते, आपल्या वकिलाबरोबर बाकावर बसते. मला टाळत नाही, शोधतही नाही. गेल्या तारखेला समोरच्यानं पुन्हा मुदत मागून घेतली. तिचा वकील घाईत पुण्याला निघून गेला होता, म्हणून बाहेर पडताना ती माझ्या टेबलापाशी थांबली.

"फुडची तारीख कंदी हाय?"

मी सांगितली. तिनं ती स्वतःशी दोनदा म्हटली. मग आत जाऊन शिपायाला विचारून खात्री करून घेतली, आणि एसटीकडे चालू लागली.