नव्या विहिरीचं वरण

मी घाटावरची, मेहकरकडची. आमच्याकडं विहिरीत पोहरा सोडला की गोड पाणी वर येतं, आणि त्यात काही विशेष असतं हे मला लग्न होऊन घाटाखाली येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. सासरी पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि घोट तसाच थुंकला. सासूबाई म्हणाल्या, "अवं माय, पानी थुकते काय कोनी?" मी विचारलं, "ह्याच्यात मीठ कोणी टाकलं?" सगळं घर पोट धरून हसलं. इकडच्या विहिरींचं पाणीच खारं. इथल्या माणसांना जन्मापासून तेच. सगळे म्हणाले, होईल सवय. मला झाली नाही, आणि मला ती करून घ्यायचीही नव्हती.

माणसाला सवय लागते, तुरीच्या डाळीला लागत नाही. खाऱ्या पाण्यात ती दिवसभर उकळली तरी दाताखाली कचकचते. म्हणून गावाची रीत अशी की प्यायला विहिरीचं खारं, आणि लग्नकार्यातल्या वरणाला सातपुड्याच्या पायथ्याहून, पार संग्रामपूरकडून, बैलगाडीत पिंपं भरून गोडं पाणी आणायचं. ज्याची ऐपत त्याच्या घरी एरवीही मऊ वरण. बाकीच्यांनी बेसन खावं आणि गप राहावं.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. नगरपालिकेत एखादं बाईमाणूस असावं अशी टूम निघाली आणि मॅट्रिक झालेली सून म्हणून मला नेऊन बसवलं. समित्या वाटताना अध्यक्षसाहेब हसत म्हणाले, "पानी बायाच भरतात. पान्याची समिती वहिनीलेच देऊन टाका." सभा खदखदून हसली. मी म्हटलं, "द्या. घेतली." त्यांना वाटलं, बाई वर्षभर मिरवेल आणि विसरून जाईल. मला विसरायची सोयच नव्हती.

घरात आमचे हे होते ना! शाळेत मास्तर. भारी शांत माणूस, वर्गाबाहेर मोठ्यानं बोललेले कोणी ऐकले नसतील. त्यांना मुतखडा. कळ आली की खाटेची दोरी दातांत धरून पडायचे, पण आवाज नाही काढायचे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पाणी बदला, नाहीतर मूत्रपिंडं जातील." त्यांच्यापुरती एक घागर गाडीवाले चाचा पायथ्याहून आणून द्यायचे. एका घागरीवर माणूस किती दिवस जगवायचा? मला नळ पाहिजे होता. आमच्या घरी आणि सगळ्यांच्या घरी.

मग मी हिंडले. ओव्हरसियरला सोबत घेऊन पायथ्याच्या नाल्यानाल्यांतून हिंडले. तिथल्या गुराख्यांना एकच विचारायची, वैशाखात गुरं कुठं पाणी पितात? ते बोट दाखवतील तिथं आम्ही थांबायचो. एका नाल्याकाठी पाणी आटतच नव्हतं, आणि जागाही गावापेक्षा उंच, म्हणजे पाणी आपल्या पायानं उतरत येणार. तिथल्या बाया म्हणाल्या, "आमचं पानी नेसान, मंग आमी काय प्यावं?" मी शब्द दिला की पहिला नळ तुमच्या गावात, उरलेलं आमच्या. असा सगळा आराखडा करून सभेपुढं ठेवला.

अध्यक्षसाहेब वाईट नव्हते, घाईचे होते. त्यांना लगेच काहीतरी करून दाखवायचं होतं. म्हणाले, "इतक्या दूर काऊन जाता? बाजारातच विहीर खांदू." खांदली. पाणी लागलं. सभेत लोटा फिरला, सगळ्यांनी चव घेतली, आणि जो तो म्हणाला, "गोड हाय बाप्पा!" खोटं नव्हते बोलत बिचारे. बाकीच्या विहिरींपेक्षा कमी खारं, म्हणजे त्यांच्या जिभेला गोडच. मी घोट घेतला आणि म्हटलं, "खारं आहे." झालं! घाटावरची नाजूक जीभ म्हणून माझी टिंगल सुरू. एक जण तर उठून म्हणाला, "बाईले नवऱ्यासाठी नळ पायजे, म्हून गावाले नाचवून राह्यली." मी ताडकन उठले. "हो, नवऱ्यासाठीच! तुमच्याही बायकांनी तुमच्यासाठी हेच मागायला पाहिजे. त्यांना इथं कोणी बसू देत नाही, म्हणून मी एकटी मागते." तरी ठराव विहिरीचाच झाला.

आता जिल्ह्याहून मोठे इंजिनियरसाहेब येणार, विहीर पाहणार आणि गावाला गोडं पाणी मिळालं असा शेरा मारणार होते. तो शेरा पडला की पायथ्याची योजना कायमची बासनात. त्याच दिवशी विहिरीचं गंगापूजन आणि गावाला पंगत ठेवली. घरी हे मला म्हणाले, "माह्यासाठी गावाशी भांडू नको. गप राह्य आता." राग आला होता मला, त्यांचाही.

सकाळी ओटीचं ताट घेऊन विहिरीवर गेले तर पंगतीच्या चुलींजवळ चाचांच्या गाड्या उभ्या, पिंपांनी भरलेल्या. मी विचारलं, "चाचा, हे कोणाचं पाणी?" चाचा म्हणाले, "अध्यक्षसाहेबानं बलावलं ना. वरनाले गोडं पानी लागंल म्हने." यात लबाडी काही नव्हती हो! पंगत म्हटली की पायथ्याचं पाणी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. गोड्या पाण्याची विहीर लागली म्हणून पंगत, आणि त्या पंगतीच्या वरणाला पाणी दुसरीकडचं. अध्यक्षांना, आचाऱ्याला, कोणालाच त्यात काही खटकलं नाही. हसावं की कपाळ बडवावं!

मी बैलांपुढं जाऊन उभी राहिले. "चाचा, गाड्या फिरवा." "अध्यक्षसाहेब नाराज होतील, बाई." "माझं नाव सांगा." चाचांनी कासरा हातात घेतला. मग म्हणाले, "मास्तरची घागर मीच आनतो. मले मालूम हाय." आणि बैल वळवले.

अध्यक्ष धावत आले, मागून इंजिनियरसाहेबही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ, गंगा ह्या विहिरीची, पूजा ह्या विहिरीची, मग वरणही हिच्याच पाण्यात शिजू द्या. पाणी गोड आहे ना? हातच्या काकणाला आरसा कशाला?" साहेबांसमोर नाही कसं म्हणणार? बायांनी भराभर घागरी ओढल्या आणि डाळ चढली.

उन्हं डोक्यावर आली. पंगत बसली. भात वाढला, वांग्याची भाजी वाढली, वरण येईना. आचारी घामाघूम होऊन घोटत होता. शेवटी अध्यक्षच ओरडले, "वाढा बे!" वाढलं. पिवळं पाणी आणि तळाशी अख्खी डाळ. सगळी पंगत मुकाट्यानं चावू लागली. गावाची अब्रू ना! पाहुण्यासमोर कोण बोलणार? साहेब पत्रावळीकडं पाहत होते आणि मला वाटलं, गेलं, आता हे असंच पचवतील सगळे.

तेवढ्यात पंगतीतून आमचे हे उठले. हातातला घास तसाच होता. वर्गात फळ्यासमोर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "साहेब, डाळ कच्ची हाय. सकाळपासून शिजून राह्यली. ह्या पान्यात थे शिजतच नाही. आन् असंच पानी माह्या पोटात खडे करते." चुलीमागून बाया ओरडल्या, "हाव! हाव! खरं हाय!" साहेबांनी मला विचारलं, "मग गोडं पाणी आहे कुठं?" मी म्हटलं, "चला दाखवते, आत्ताच." आणि त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसले. शेरा पडला नाही.

गावाची अब्रू घालवली म्हणून पुढच्याच सभेत मला समितीवरून काढलं. काढा! आराखडा थोडाच काढता येतो? तो माझाच राहिला, पण कागद इकडून तिकडं फिरण्यात वर्षं गेली. नळ आला तेव्हा अध्यक्षांचं नाव दगडावर कोरलं. कोरू द्या. त्या समारंभाला मी गेले नाही.

आमचे हे नळ यायच्या आधीच्या उन्हाळ्यात गेले.

मी घरी नळ सोडला, डाळ धुतली आणि चुलीवर चढवली. कणीक मळून पोळ्या करायला घेतल्या, त्या व्हायच्या आत डाळ बोटानं दाबली जाईल अशी मऊ झाली. मला आनंद व्हायला हवा होता म्हणतात. संताप झाला माझा. मी एकटीच त्या पातेल्यावर ओरडले, "इतकं सोपं होतं? मग इतके दिवस काऊन लावले?" शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "काही नाही. वरण शिजलं."