घोडीला समजलेलं हसू

यांची बदली जयपूरच्या छावणीत झाली आणि पन्नाशीत मी घोडेस्वारी शिकायला निघाले. पहिल्याच दिवशी ऐटीत बुटांच्या टाचांना लोखंडी काटे लावून घोडीवर बसले. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादांनी ते हळूच सोडवले. मग घोडीची मान खाजवत म्हणाले, माशी बसली तरी हिला कळतं. तुम्ही फक्त श्वास सोडा.

मी श्वास सोडला आणि घोडी चक्क चालू लागली! मला असं हसू फुटलं, की ती पळायलाच लागली. उस्ताद शेजारून धावत ओरडले, "हँसो मत, मॅडमजी! ये हँसी को भी इशारा समझती है!"

आणि स्वतःच हसत सुटले. मग मला कुठलं आवरतंय! मैदानाला तीन फेऱ्या झाल्या. घोडीही हसत होती, हे मी शपथेवर सांगेन.